पाकिटावरची एक रेघ

आमच्या वडगावचे पोस्टमन जांभळी पेन्सिल जिभेला लावायचे आणि पाकिटावरच्या जुन्या पत्त्यावर एकच रेघ मारायचे. खाली नवा पत्ता लिहायचे. जीभ कायम जांभळी.

"खोडायचं, पण झाकायचं न्हाई," म्हणायचे. "कुठनं कुठं गेलं ते दिसाया पायजे."

तुमच्याही गावात असं कोणी असेल. पत्र सगळे बघतात, पाकीट कोणी बघत नाही. मी बघायचे.

दुष्काळाच्या पुढच्या साली मी शिरूरच्या दवाखान्यात आयाच्या जागेसाठी अर्ज केला. चौथी पास होते. सासऱ्यांना सुनेची नोकरी नको होती आणि घरचं टपाल ओट्यावर बसून तेच घ्यायचे. मुलाखतीचं पत्र त्यांच्या हाती पडलं तर चुलीत जाणार. मी पोस्टमनना विहिरीवर गाठलं.

"आप्पा, माझ्या नावाचं काय आलं तर दौंडला भावाकडं धाडा."

"तोंडी चालत न्हाई, वैनी. लिहून द्या."

दिलं. बरेच दिवस भावाचा निरोप नाही. पुन्हा विचारलं तर आप्पा डोकं खाजवायला लागले.

"आलं व्हतं. दौंडला धाडलं. ते माघारी आलं, म्हून परत धाडलं. लेखी हाय ना तुमचं."

मग उलगडा झाला. बाळंतपणाला मी भावाकडे होते. सासरी परतले तेव्हा भावाने तिथल्या पोस्टमनला लिहून दिलं होतं, बहिणीचं टपाल वडगावला पाठवा. पोरगं चालायला लागलं तरी ते कोणी रद्द केलं नव्हतं. दोन्हीकडचे पोस्टमन नेमाचे.

"मग आता कुठं हाय?"

"वाटंवर."

"माझा कागद फाडा."

"फाडला की पाकीट वट्यावर येणार, वैनी."

"येऊ द्या. नाव तर माझं हाय?"

ते आलं तेव्हा त्यावर पत्ता लिहायला जागा उरली नव्हती. सासऱ्यांनी हात पुढे केला.

"आबा, नाव तुमचं न्हाई." आप्पांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

"लय कायदा शिकलास का रं?"

"शिकलो न्हाई, आबा. पगारच त्याचा हाय."

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. मी गेले.

पुढे म्हातारपणी आप्पा त्याच दवाखान्यात आले. त्यांची खाट बदलली तेव्हा नर्सने मला कार्डावर नंबर बदलायला सांगितलं. मी जुन्या नंबरावर एक रेघ मारली आणि खाली नवा लिहिला. त्यांनी कार्ड हातात घेऊन निरखलं.

"दिसतंय," म्हणाले.

एका सकाळी खाट रिकामी होती. कार्ड तसंच लटकत होतं. मी नंबरावर रेघ मारली. खाली जागा बरीच होती.