हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातला आवाज

मुलांनो, सायकलला कॅमेरा लावून तुम्ही केलेले चित्रण काल पाहिले. रस्ता सुंदर आहे, पण ऐकू येतो फक्त वारा. तुमचा एकही शब्द नाही. म्हणून पोलिसातल्या नोकरीतली एक घटना आताच लिहिते. ती मनातून गेलेली नाही.

नाशिकला द्वारका चौकाजवळ आईसोबत राहणारा एक तरुण सुट्टीला हेल्मेटवर कॅमेरा लावून मोटारसायकलवर एकटाच भटकत असे. बागलाणातल्या नामपूरच्या रस्त्यावर एका गाडीने त्याला उडवले. आम्ही पोचेपर्यंत तो गेला होता. पंचनामा करताना हेल्मेट मिळाले. कॅमेरा नंतर शेजारच्या कांद्याच्या वावरात सापडला.

धडकेनंतर चित्रात नुसती कांद्याची पात होती. आवाज मात्र चालू होता. गाडी थांबली. कुणीतरी फोनवर म्हणाले, "जित्ता शे. काय करू?" मग गाडी निघून गेली. तिकडच्या अहिराणी बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. म्हणजे मुलगा जिवंत आहे हे त्या माणसाला कळले होते.

खबऱ्याने पुढचा दिवा फुटलेल्या पिकअपची माहिती दिली. तिचा चालक चौकशीत अगदी शुद्ध मराठी बोलत राहिला. "मॅडम, मी नाशिकचा. त्या रस्त्याला मी कधी गेलेलोच नाही." मी आवाज चढवला नाही. आमचे हवालदार बागलाणचे. त्याच्यापुढे चहा ठेवत त्यांनी घरी कोण असते ते सहज अहिराणीत विचारले, "घर कोन शे रे तुना?"

"माय शे. एकलीच शे," तो म्हणाला आणि कप तसाच धरून बसला.

नंतर त्याने लपवलेला दिवा पंचांसमोर काढून दिला. आवाजाचा नमुनाही जुळला. त्याला शिक्षा झाली. खोटे बोलायला माणूस दुसरी भाषा वापरतो, पण आईचे नाव निघाले की घरचीच बोली तोंडात येते, हे मी तेव्हा शिकले.

धडकेआधीचे चित्रण ओळख पटवण्यासाठी गेलेल्या तरुणाच्या आईला दाखवले होते. मुलगा वाटभर बोलत होता. ही कांदा साठवायची चाळ बघा, इथला चहा आईला आवडेल, असे काहीबाही.

"घरी एवढं बोलायचा नाही हो," ती म्हणाली. "परत लावता का?"

खटला संपल्यावर कोर्टाने कॅमेरा तिला परत दिला. त्याची काच तडकली आहे, बटण दबत नाही. पण आतले कार्ड शाबूत आहे; मुलाचा आवाज तिच्याजवळ आहे.