पोट आत धरून

माझं पोट माझ्याआधी दारातून आत येतं, असं माझी नणंद चारचौघांत सांगते आणि वर स्वतःच हसते. ती दिली तळा गावाला, पण जीव अजून दिवेआगरच्या आमच्या स्वयंपाकघरात. मी अठ्ठ्याण्णव किलोची आहे. मी नाही सांगितलं तर ती सांगेल, म्हणून आपणच सांगून टाकलेलं बरं.

गेल्या वर्षी मला शौचाच्या वाटेवर गाठ निघाली. कॅन्सर. किमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. किमोत माणसं काडी होतात म्हणे. मी तिथंही नापास. मग पनवेलच्या हॉस्पिटलात सर्जनने ऑपरेशनचं समजावलं. गाठ अगदी खाली आहे, म्हणून ती वाट कायमची बंद करायची. आतड्याचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर काढायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची. जे खालून जायचं ते पोटावरून पिशवीत येणार, मरेपर्यंत. हे सगळं त्याने पाच मिनिटांत उरकलं आणि पुढची दहा मिनिटं माझ्या वजनावर घेतली. चरबी जाड, म्हणून आतडं वर ओढायला त्रास. जखम पिकायची भीती. "तोवर थोडं उतरवता आलं तर बघा," तो म्हणाला. ऑपरेशनला तीन आठवडे होते. तीस वर्षं जे हललं नाही ते तीन आठवड्यांत उतरवायचं, म्हणजे काय अंगातून खोबरं काढायचं?

समाचाराला येणाऱ्यांना तर ऊत आला. वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा इतकी माणसं फिरकली नव्हती. एकीने कारल्याचा रस सांगितला, एकीने सकाळी गरम पाणी आणि लिंबू. एक तर म्हणाली, "तुम्ही भात सोडा, बघा गाठ कशी विरघळते." ही बाई माझ्याकडे बसून दोन बशा पोहे आणि नारळाची वडी खात होती. मी म्हटलं, बाई, आधी तू सोड, तुझं बघून मी सोडते. त्यावर ती रुसली. रुसेना का.

हॉस्पिटलवाल्यांनी तयारीची यादी दिली होती, ती मात्र मी इमानाने पाळली. प्लास्टिकच्या डब्यात तीन गोळ्या असतात, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. लठ्ठ माणसाची फुप्फुसं ऑपरेशननंतर लवकर जागेवर येत नाहीत, म्हणून हा व्यायाम. रोज सकाळी समुद्रावर चालायचं. साखर तपासायची. उपाशी राहायचं नाही, अंडी-मासे खायचे, नाहीतर जखम भरत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरणीने मिश्री बंद करायला लावली. बत्तीस वर्षांची मिश्री, नवऱ्याहून जुनी. ब्लडप्रेशरचा पट्टा माझ्या दंडावर फट्‌कन सुटायचा. मग मोठा पट्टा आणायला कुणीतरी जायचं आणि तो आणताना अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगायचं. तो पट्टा आधीच जवळ ठेवला तर काय त्यांच्या बापाचं जातं?

ऑपरेशन बुधवारी होतं. आधीच्या शुक्रवारी मला खूण करायला बोलावलं. पिशवी पोटावर नेमकी कुठे बसणार ते आधी पेनाने आखून ठेवतात आणि त्यासाठी एक वेगळी नर्स असते. तिशीची असेल, बारीक, शांत. खोलीत मी, ती आणि आमचे हे. नणंद बाहेर बाकावर होती. आपणहून आली होती, कुणी बोलावलं नव्हतं.

"ताई, झोपा. आता बसा. आता पुढे वाका. आता उभ्या राहा." मी उठबस करत होते आणि ती माझं पोट बघत होती. मग तिने सांगितलं, "पिशवीला सपाट जागा लागते. घडीत गेली की सुटते, गळते. आणि जागा तुम्हाला स्वतःला दिसली पाहिजे. पोट मोठं असलं की खालचं दिसत नाही, म्हणून अशा पेशंटना आम्ही वर करतो. इथे." आणि तिने बोट ठेवलं, डाव्या बाजूला, बेंबीच्या वर, फासळ्यांच्या खाली.

ब्लाउज संपतो आणि साडी सुरू होते, त्याच्या मधली ती जागा. पदर डाव्या खांद्यावर जातो आणि डावी कूस उघडी राहते, ती जागा. अख्ख्या साडीत न झाकलेली तेवढीच वीतभर, आणि तिथे ही माझ्या गूची पिशवी लटकवणार!

आमच्याकडे पाहुणे उतरतात, वाडीत चार खोल्या आहेत. मुंबई-पुण्याची माणसं 'घरगुती जेवण' म्हणून येतात आणि सुरमईच्या तुकड्या मोजून घेतल्यासारखी खातात. वाढते मी. टेबलाशी वाकून सोलकढी वाढताना माझी डावी कूस बरोबर पाहुण्याच्या तोंडासमोर येते. आता तोंडात सुरमई आणि नाकासमोर पिशवी. परत येतील होय ते?

म्हणून मी पोट आत ओढलं.

यात मी पटाईत आहे. मला बघायला आले होते तेव्हापासून मी पोट आत धरते. फोटोत धरते, देवळात धरते, बाजारात ओळखीचं दिसलं की धरते. बोलता बोलता, हसता हसता धरते, श्वासाला पत्ता लागत नाही. आणि त्या तीन गोळ्यांनी तर दम आणखी वाढला होता. मी ताठ बसले, पोट पाठीला लावलं आणि म्हटलं, "सिस्टर, खाली करा ना, बेंबीच्या खाली. दिसतंय की मला."

"पोट सोडा, ताई."

"सोडलंय."

"नक्की?"

"अहो, माझं पोट, मला कळत नाही?"

तिने पुन्हा बसवलं, पुन्हा वाकवलं. मी घामाघूम झाले पण श्वास सोडला नाही. तिला संशय होता, डोळ्यांत दिसत होता. तरी तिने खाली खूण केली, वर पारदर्शक पट्टी चिकटवली आणि त्यावर एक रिकामी पिशवी लावून तिच्यात थोडं पाणी भरलं. "घरी रोजची सगळी कामं करा. पिशवी सुटली किंवा खूण दिसली नाही, तर सोमवारी परत या. एकदा ऑपरेशन झालं की जागा बदलणं सोपं नाही," ती म्हणाली. मी मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, मनातल्या मनात माझे लाडू फुटत होते.

बाहेर येताच नणंद उठली. "वैनी, तुम्ही कायपण काळजी करू नका. पिशवी बदलायला मी हाय. महिनाभर ऱ्हाते." हे तिने कॅन्टीनपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. ती ऱ्हाते म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझ्या बाळंतपणात राहिली होती. मी किती तूप खाल्लं ते अजून तळ्यात सांगत असते. आता ही माझी पिशवी बदलणार आणि तीत काय होतं, किती होतं, कसल्या रंगाचं होतं ते तळ्यापासून पालीपर्यंत पोचवणार. मला शिसारी आली. त्या आजाराची आली नव्हती एवढी आली.

शनिवारी सकाळी मी नारळ खवायला विळीवर बसले. एक पाय दुमडलेला, एक उभा, वाकून. रोज बसते तशी. घरात पोट कोण धरतंय? दुसऱ्या कवडीला मांडी ओली लागली. बघते तर पिशवीची कड सुटलेली आणि पाणी परकरात. पाणी होतं म्हणून बरं. खूण बघायला गेले तर खूण कुठाय? पोटाची घडी तिच्यावर बसली होती, चांगली पदर घेऊन बसावी तशी. मी खाली बघितलं तर मला माझं पोटच दिसत होतं, त्याच्या पलीकडचं काहीच नाही.

उठले, न्हाणीत गेले, कडी लावली. एका हाताने पोट वर उचललं आणि दुसऱ्या हातात आरसा धरला, तेव्हा कुठे ती खूण दिसली. मग कळलं. एक हात पोटाला, एक आरशाला. पिशवी बदलायला तिसरा हात लागणार आणि तो हात नणंदेचा. रोज. मरेपर्यंत. मी आरसा ठेवला आणि तिथल्या पाटावर बसून रडले. रडताना स्वतःला शिव्याही घातल्या. लोक मला लठ्ठ म्हणतात ते एक वेळ खरं आहे, पण मी मूर्ख आहे हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं, ते मी आपल्या हाताने आपल्या पोटावर लिहून घेतलं होतं.

तरी रविवारभर मी गप्प राहिले. काय तोंडाने जाऊ? त्या पोरीपुढे खोटं बोलले हे कबूल करायचं, आणि वर पाहुण्यांच्या तोंडासमोर पिशवी घ्यायची. दुपारी एक कुटुंब जेवायला होतं. वाढताना मी मुद्दाम बघितलं. त्यातल्या एकानेही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. बाईचा हात मोबाइलवर, बाप्याचं लक्ष सुरमईच्या डोक्यात. "आंटी, आणखी सोलकढी," एवढंच, तेही वाटीकडे बघून. याच लोकांसाठी मी उरलेला जन्म आरशात घालवायला निघाले होते! मला त्यांचा राग आला, पण माझा जास्त आला. आंबट चेहऱ्याने मी सोलकढी वाढली आणि आत जाऊन ह्यांना सांगितलं, "उद्या सकाळी पनवेलला जायचंय. खूण चुकलीय."

"कोणी चुकवली?"

"मी."

आमचे हे प्रश्न फार विचारत नाहीत. त्यांनी गाडी सांगितली. नणंदही चढली, अर्थात.

नर्सने मला बघून काहीच आश्चर्य दाखवलं नाही. मी पलंगाच्या कडेला बसले. ती म्हणाली, "सोडा." खोलीत हे उभे होते. तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्यासमोरसुद्धा मी कधी पूर्ण पोट सोडलेलं नव्हतं. हसू नका, खरंच नव्हतं सोडलं. माझे कान गरम झाले. मी श्वास सोडला. पोट सावकाश पुढे आलं, खाली आलं, मांड्यांवर टेकलं. अजून थोडं आलं. मला वाटलं आता संपलं, तरी आलं.

"अगं, एवढं कुठं ठेवलं होतंस?" हे म्हणाले.

मला हसू फुटलं, आणि हसताना ते सगळं गदगदा हललं, आणि नर्सही हसली. मग डोळ्यांत पाणी आलं ते काही हसण्याचं नव्हतं. "लाज वाटली हो," मी तिला म्हटलं. "म्हणून धरलं होतं."

"बऱ्याच जणी धरतात," ती म्हणाली आणि जुनी खूण स्पिरिटने पुसून टाकली. बसवलं, वाकवलं, विळीवर बसते तसं जमिनीवर बसवलं. मग वर, डाव्या बाजूला, नवीन खूण केली. "दिसते?"

मी खाली बघितलं. दिसत होती. आरसा नाही, पोट उचलणं नाही. माझ्या दोन्ही हातांच्या मधोमध, ताटातल्या मिठासारखी समोर.

तिने पिशवी माझ्या हातात दिली. पहिल्यांदा वाकडी लागली. काढली, पुन्हा लावली, कडेने बोट फिरवलं. पाणी भरलं, वाकून बघितलं. टिकली.

"घरी कोणाला शिकवू?" नर्सने विचारलं.

"मला शिकवलंत ना. झालं."

हे मागून म्हणाले, "पाहुण्यांना वाढायचं मी बघतो." जन्मात ज्यांनी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही ते हे. पहिल्याच दिवशी सोलकढी कुणाच्या तरी मांडीवर ओततील. मी म्हटलं, "तुम्ही गाडी बघा. वाढीन मीच."

साडी नीट केली आणि बाहेर आले. ब्लाउजच्या खाली, उघड्या कुशीवर ती पिशवी पाण्याने फुगून बसली होती. नणंद बाकावरून उठली, तिची नजर नेमकी तिथे गेली आणि ती घाईघाईने माझा पदर ओढून त्यावर घालायला लागली. बाकावर बसलेली माणसं बघत होती.

"वैनी, अहो, दिसतंय ना!"

मी तिचा हात धरला आणि बाजूला केला. "दिसू दे," मी म्हटलं. "मला दिसावं म्हणूनच तिथं घेतलंय."