बिनशिट्टीचं मोठ्याचं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी नाक मुरडायला नको. आमच्याकडे लहान्याचं म्हणजे बकऱ्याचं मटण आणि मोठ्याचं म्हणजे म्हशीचं. गाय-बैल कायद्यानं बंद आहे आणि आमच्या घरातही बंद आहे. पण म्हशीचं आम्ही लहानपणापासून खात आलो. चार लोकांत 'म्हशीचं' असं कोणी म्हणत नाही. 'मोठ्याचं' म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. ज्याला कळत नाही त्याच्यापायी काय रामायण होतं, तेच सांगते आहे.

तेव्हा मी वणीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते आणि नवरा राजूरच्या कोळसा खाणीवर होता. खोली शोधताना नाकी नऊ आले होते. दाराबाहेरची पाटी 'खोली भाड्याने देणे आहे' म्हणायची, आणि आडनाव सांगितलं की आतून उत्तर यायचं, "कालच गेली वो बाई." अशा कालच गेलेल्या खोल्या मी इतक्या पाहिल्या की शेवटी नवरा म्हणाला, आता परवा गेलेली एखादी तरी पाहू. मग हे घर मिळालं. खाली घरमालक, वर आम्ही. माणसं कापूस-तुरीच्या शेतीवाली, खाऊनपिऊन सुखी. काकाजींनी एकच अट घातली. "कोंबडी खा, बकरा खा, मासोळी खा. आमी बी खातो. पन त्याच्या पुढं जायाचं नाही." पुढं म्हणजे कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण समजलं दोघांनाही. काकाजींना कळलं तर खोली गेली, एवढा सरळ हिशेब होता.

आता शहाण्या माणसानं म्हणावं, मग नका खाऊ! बरोबर आहे. पण जिभेला कोण समजावणार? आणि खरं सांगू का, मला त्या अटीचाच राग होता. भाडं मी द्यायचं, भांडी मी घासायची, आणि कढईत काय पडलं याची पंचाईत दुसऱ्याला!

अडचण वासाची नव्हती, शिट्ट्यांची होती. मोठ्याचं कुकरशिवाय शिजत नाही अशी माझ्या आईची शिकवण, आणि कुकरमध्येही ते दोन-तीन शिट्ट्यांत ऐकत नाही. खाली आमच्या घरमालकीण काकू. बाईचं मन सोन्याचं, पण कान पोलिसाचे. पहिल्याच वेळी जिन्यात गाठून विचारलं, "काल लय शिट्ट्या झाल्या वो! दाळ जुनी हाये का?" बकरा म्हटलं असतं तर वाटी घेऊन चाखायला आल्या असत्या, म्हणून मी म्हटलं, हो काकू, फार जुनी आहे. दुसऱ्या दिवशी बाईनं आपल्या शेतातली नवी तुरीची डाळ डबा भरून वर आणून दिली. आता नवी डाळ आल्यावर शिट्ट्या कशा करणार? माझा रस्ताच बंद झाला.

मग मोबाईलवर एक बाई दिसली. तिनं मटणाचे पातळ पातळ काप केले, भाज्या टाकल्या आणि वीस मिनिटांत कढई उतरवली. शिट्टी नाही की काही नाही. मी जागची उठले. युक्ती अशी की मऊ, बिनहाडाचा तुकडा घ्यायचा आणि फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात घट्ट होऊ द्यायचा, म्हणजे सुरीखाली पळत नाही. मग मटणाच्या धाग्याला आडवे, कागदासारखे काप करायचे. आलं-लसूण, सोया सॉस, चमचाभर मक्याचं पीठ आणि चिमूटभर खायचा सोडा चोळून ठेवायचं. तोवर ढोबळी मिरची, गाजर, कोबी, पातीचा कांदा चिरायचा. कढई चांगली धूर काढेपर्यंत तापवायची, काप टाकायचे, हलवायचे, काढायचे. भाज्या टाकायच्या, काप परत टाकायचे, वरून मिरे. कामावरून येऊन थकलेल्या बाईला याहून सोपं काय पाहिजे? वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र मी माझ्या मनानं टाकते. सांबाराशिवाय जेवण म्हणजे वऱ्हाडात पाप.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं ताटात पाहिलं आणि म्हणाला, "हे मटन हाये का बकरीचा चारा?"

"खा मुकाट्यानं."

खाल्लं आणि कढई पुसून खाल्ली. त्यानंतर बुधवार ठरून गेला. तो येताना आणायचा आणि मला फोन करून सांगायचा.

घात फोननंच केला. एका बुधवारी मी खाली काकूजवळ भेंड्या निवडत बसले होते. हात चिकट, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तिकडून नवरा गरजला, "मोठ्याचं जमलं वो! तयारीले लाग!"

काकूच्या हातातली भेंडी खाली पडली. "जमलं? माय वो! कुठची हाये पोरगी?"

मला आधी कळेचना. मग डोक्यात उजेड पडला. मोठा म्हणजे आमचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. कळंबला राहतात, चाळिशीला टेकले आणि लग्न काही जमत नाही. हे दुखणं मीच कधीतरी काकूला सांगितलं होतं. आता काय बोलू? मोठ्याचं म्हणजे भासऱ्यांचं नाही म्हणावं, तर मग कोणाचं? मी मान हलवली. झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर भासऱ्यांचं लग्न जमलं.

त्यानंतर दर बुधवारी काकूची चौकशी. मोठ्याचं कुठवर आलं? मोठ्याचं पक्कं झालं का? मी म्हणायची, शिजून राह्यलं काकू, अजून शिजून राह्यलं. नवरा आत तोंडात टॉवेल कोंबून हसायचा. मला मात्र हसू येत नव्हतं. त्या भोळ्या बाईशी खोटं बोलताना माझा घास कडू व्हायचा. पण खोली डोळ्यांसमोर आली की तोंड बंद.

आणि मग तो बुधवार आला. कढई उतरायला आली होती, काप-भाज्या चरचरत होत्या, आणि काकू न सांगता वर आल्या. "काय करून राह्यली वो? खालपर्यंत वास सुटला. तोंडाले पानी आलं माह्या." असं म्हणत त्यांनी फळीवरची ताटली स्वतःच घेतली, चमचा घेतला आणि कढईतून वाढूनही घेतलं. नवरा दारात आला, ताटली पाहिली आणि आल्या पावली मागे फिरला. असा हा आमचा वाघ.

"काकू, थांबा," मी म्हटलं. "मोठ्याचं हाये ते."

"हाये तर हाये! त्याच्या वाटचं ठेव ना बाजूले. मी चमचाभर चाखतो फक्त. येऊन राह्यला का तो आज?"

चमचा उचलला. तोंड उघडलं. एक क्षण मी गप्प राहिले असते तर खोली वाचली असती. पण माझ्या कढईत कोणी नाक खुपसू नये असं वाटणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या तोंडात असं न सांगता घालायचं का? मी तिचा हात धरला. "काकू, म्हशीचं हाये."

"म्हशीचं काय?"

"मटन."

चमचा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. काकू स्टुलावर बसल्या. ढोबळी मिरची करपायला लागली तरी मला गॅस बंद करायचं सुचेना.

"मले हे आवडलं नाही," काकू म्हणाल्या. "सांगून ठेवतो. बिलकुल आवडलं नाही." मग ताटली दूर सारून, "पन तू बोलली नसती अन् म्या खाल्लं असतं, तर तुले कधी माफ केलं नसतं." आणि मग एकदम दचकून, "थांब! मंग भासऱ्याचं?"

"त्यांचं कुठंच काही नाही काकू."

हा धक्का त्यांना म्हशीपेक्षा मोठा बसला. "अवो माय! कळंबच्या चिंतामनीले नारळ फोडून आली ना मी! आता देवाले काय सांगू, म्हशीचं होतं म्हनून?"

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. उठल्या आणि तरातरा खाली गेल्या. नवरा म्हणाला, संपलं, काकाजींना सांगायला गेली. आम्ही दोघं भिंतीला टेकून पावलांची वाट पाहत बसलो. पावलं आली. काकूच होत्या. एका हातात स्वतःची कढई, दुसऱ्या हातात अर्धा कोबी.

"वास नाकात गेला तो गेलाच. तोच मसाला लाव, पन माह्या कढईत. अन् तुहा झारा लावू नको त्याले."

झारासुद्धा त्यांचाच होता, पदरात खोचून आणलेला. ते मला लागलं. लागलं नाही कशाला म्हणू? पण कोबी मी मन लावून केला. कढई घेऊन त्या जिना उतरायला लागल्या, तेवढ्यात खालून काकाजींचा आवाज आला. "काय शिजून राह्यलं वो वरतं? वास कायचा हाये?"

काकू मधल्या पायरीवर थांबल्या. मी वर कठडा धरून उभी.

"कोबीचा."

"कोबीचा असा वास?"

"मंग? हा पाहा!" काकूंनी कढई थेट त्यांच्या नाकाखाली धरली. "पोरगी कोबी करून राह्यली, कोबीच हाये. दुसरं काय असन तिच्या घरात?"

मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. खालचं बोलणं न ऐकलेल्या नवऱ्याला माझं रडणं पाहून वाटलं, खोली गेली. तो आत गेला आणि माळ्यावरची बॅग खाली काढायला लागला.