थोडीसी तकलीफ

‘हिचे वडीलच म्हणतायत ही बरी आहे. मग ही इथे कशाला आलीय?’

डॉक्टर हे इंग्रजीत म्हणाला. माझ्याकडे बघून नाही. भोवती उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांकडे बघून. ते हसले. साहेब विनोद करतो तेव्हा हसावं लागतं, तेवढंच.

मी स्टुलावर बसले होते. सगळा भार डाव्या बाजूवर, उजवी मांडी जमेल तेवढी उचललेली. मला इंग्रजी कळतं असं त्याच्या मनातही आलं नाही. ठसठशीत कुंकू, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, घर हैदराबादच्या गौलीगुड्यात, शेजारी शेरवानीतले वडील. अशा मुलीला इंग्रजी कुठून येणार? पण लहानपणापासून मला सिकंदराबादच्या नन्सनी शिकवलं होतं. त्याचा शब्दन् शब्द मला कळला. कानांच्या पाळ्या तापल्या.

मी न बोलणारी मुलगी. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. बघते सगळं, बोलत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, काय बोलले होते ते सांगते. डॉक्टरने विचारलं, ‘कैसी है लडकी?’ अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. हात कपाळापर्यंत नेला. म्हणाले, ‘आपकी दुआ है हुजूर, ठीक है. बस, थोडीसी तकलीफ है.’

थोडीसी. त्या सकाळी पायऱ्या उतरताना मी ओठ चावून रक्त काढलं होतं. अण्णांनी ते पाहिलं होतं.

पण अण्णा खोटं बोलत नव्हते. ते हैदराबादी बोलत होते. आमच्याकडे मोठ्या माणसानं हाल विचारले की आपलं रडगाणं गायचं नाही. घर पडलं असलं तरी ‘आपकी मेहेरबानी’. मग ऐकणाऱ्यानं दुसऱ्यांदा विचारायचं. तेव्हा अर्धं सांगायचं. त्यानं आग्रह धरला की मग खरं. हा रिवाज दोघांनाही ठाऊक असतो. अण्णांची उभी हयात महसूल कचेरीत याच रिवाजानं गेली. त्यांची उर्दू ऐकून पेशकार-कारकूनही मान डोलवायचे.

याच्या आधीचे, जुने डॉक्टरसाहेब हे जाणून होते. ‘ठीक है’ ऐकलं की ते हसून म्हणायचे, ‘वो तो आपने कह दिया. अब बेटी, तुम चलके दिखाओ.’ मी चार पावलं टाकायची. ते खाली बघायचे आणि चिठ्ठी लिहायचे.

लहान असताना माझ्या खुब्याच्या हाडाला क्षय झाला होता. कित्येक महिने प्लास्टरमध्ये पडून काढले. क्षय गेला. दुखणं गेलं नाही. ते हाडाच्या आत बसलंय, आणि ते कधी बाहेर जात नाही. जुन्या डॉक्टरांनी अफूच्या अर्काचे थेंब दिले. त्यानं दुखणं थांबत नव्हतं, पण थोडं लांब जाऊन बसायचं. तेवढ्यावर मी कॉलेजच्या बाकावर बसू शकत होते. पुस्तक वाचू शकत होते. माणसात होते.

मग पोलिस ॲक्शन झाली. राज्य बदललं. जुने डॉक्टरसाहेब कराचीला निघून गेले. अफूचे नियम कडक झाले. आधी बेगम बाजारच्या दुकानात उघड मिळायची, ती आता सरकारी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळेना. आणि त्यांच्या खुर्चीत हा आला. मुलकी नव्हता. बाहेरून आलेला. हिंदुस्तानी त्याला कळत होती, पण अर्थापुरतीच. तो एकदाच विचारायचा. अण्णा म्हणायचे ठीक है. तो म्हणायचा, छान, मग थेंब कमी करू.

दर खेपेला असंच. दर खेपेला थेंब कमी. कॉलेज सुटलं. मी खाटेवर आले. माझं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून आई स्वयंपाकघरात भांडी जास्तच वाजवायची.

एकदा मी अण्णांना म्हटलं, ‘त्याला सांगा ना, फार दुखतं म्हणून.’

अण्णा दुखावले. ‘हुजूरांपुढे हात पसरायचे? त्यांना दिसत नाही का, बेटा?’

नाही, अण्णा. त्यांना दिसत नाही.

मग तो दिवस आला. आम्ही बाहेरच्या बाकापाशी नंबर लावून थांबलो होतो. बाकावर मला टेकता येत नव्हतं, म्हणून मी भिंतीला धरून उभी. बाहेर मोटार थांबली. एक म्हातारे जहागीरदार उतरले. बरोबर दोन नोकर. त्यांचा नंबर नव्हता. डॉक्टर स्वतः दारापर्यंत आला आणि त्यांना आत घेऊन गेला. दाराला नुसता पडदा. सगळं ऐकू येत होतं. जहागीरदारांना काही दुखत नव्हतं. अफू त्यांच्या घराण्यात चालत आलेली, त्यांना ती रोज लागायची. डॉक्टर शिकाऊ पोरांना इंग्रजीत सांगत होता, ‘इतक्या वर्षांची सवय आहे. एकदम तोडणं क्रूरपणाचं होईल.’

चिठ्ठी मिळाली. मोटार गेली.

आमचं नाव पुकारलं. मी आत जाऊन स्टुलावर बसले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, ‘कैसी है?’ आणि पोरांना इंग्रजीत, ‘तरुण मुलगी आहे. आज थेंब बंदच करून टाकू, नाहीतर सवय लागेल.’

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. हात कपाळाकडे निघाला.

‘आपकी दुआ...’

‘अण्णा, बसा.’

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. अण्णांचा हात तसाच हवेत राहिला. मी इंग्रजीत बोलले. नन्सनी शिकवलेल्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत.

‘मी बरी नाही. माझे वडील अदब पाळतायत. मला चालताना दुखतं, बसताना दुखतं, आत्ता दुखतंय. टिंक्चर ओपियमचा माझा डोस तुम्ही कमी करत आणलात. मला तो परत हवा आहे.’

डॉक्टरने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग पोरांकडे.

‘ऐकलंत? औषधाचं नाव पाठ आहे. चटक लागलेले असेच नाव घेऊन मागतात.’

तेव्हा मला लख्ख कळलं. बोलले नाही, तर दुखत नाही. बोलले, तर चटक. इंग्रजी येत नाही, तर अडाणी. येतं, तर लबाड. यात माझ्या खुब्याला जागाच नाही. आणि त्या म्हाताऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

‘नेक्स्ट,’ तो म्हणाला.

मी उठले नाही.

‘तुम्ही मला एकदाही तपासलेलं नाही,’ मी म्हणाले. ‘पाय हलवून बघा. मग नाही म्हणा.’

शेवटी चिडूनच त्यानं मला टेबलावर झोपायला सांगितलं. माझा पाय गुडघ्यातून दुमडला आणि बाहेर वळवला. आतापर्यंत अशा वेळी मी पदर तोंडात कोंबायची. या वेळी नाही कोंबला. मी ओरडले. बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असं ओरडले.

शिकाऊ पोरांपैकी एक भिंतीकडे बघायला लागला. डॉक्टरने पाय खाली ठेवला, हात धुतले, खूप वेळ धुतले. मग चिठ्ठी लिहिली. जुने डॉक्टरसाहेब द्यायचे त्याच्या निम्मे थेंब.

‘पुढच्या वेळी बघू,’ तो म्हणाला. माफी नाही. मला ती नकोही होती.

आम्ही टांग्यात बसलो. अफझलगंज मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, ‘एवढ्या लोकांत ओरडलीस. आपल्या घरात बायका ओरडत नाहीत.’

‘ओरडतात, अण्णा. तुम्ही कचेरीत असता.’

त्यांनी तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं. अजून वाटतं. पण मी शब्द परत घेतले नाहीत.

त्यांची अदब खानदानी आहे, सुंदर आहे. ज्याला ती ऐकू येते, त्याच्यापुढे ती शोभते. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापुढे ती मला एकेक थेंब करून मारत होती.

सोमवारी परत जायचंय. अण्णांना यायचं असेल तर येतील, खुर्चीत बसतील. हाल मी सांगेन. पहिल्याच प्रश्नाला, पुरेपूर, आवाज न उतरवता. तो लबाड म्हणाला तरी सांगेन. चटक म्हणाला तरी सांगेन. निम्मे थेंब त्यानं दिलेत. उरलेले निम्मे अजून त्याच्या लेखणीत आहेत. ते घेतल्याशिवाय मी स्टुलावरून उठणार नाही.