तिसऱ्या कडव्याआधीचा खाकरा

आधीच सांगते – भूत, करणी, बाहेरचं यातलं मी काहीही मानत नाही. माझं नांदेडला मेडिकल आहे. ताप उतरत नाही म्हणून अंगारा लावून आलेली माणसं रोज काउंटरवर बघते आणि त्यांना डॉक्टरकडे हाकलते. त्यामुळे खाली कुणी मला उतारा, शांती, अमुक महाराज सुचवू नका... मी उत्तर देणार नाही, आणि दिलं तर ते तुम्हाला आवडणार नाही. जे झालं तेवढं लिहिते.

मला जुन्या गाण्यांच्या सीडी जमवायचा नाद आहे. कुठल्याही नव्हे. एखादं गाणं तबकडीवर गाजलं की पुढे कॅसेटच्या काळात कंपन्या तेच गाणं नव्या वाद्यांवर, कधी नव्या गळ्यातून पुन्हा रेकॉर्ड करून घ्यायच्या. कव्हरवर नाव तेच, फोटो तोच. आज बाजारात आणि मोबाइलवर बहुतेक हीच दुसरी आवृत्ती मिळते. पहिल्या तबकडीवरचा आवाज जसाच्या तसा असलेले संग्रह फार थोडे निघाले, तेही हौशी लोकांनी पदरमोड करून काढलेले. आमच्यासारखे येडे ते शोधत फिरतात. माझा नवरा म्हणतो, गाणं तर तेच आहे. त्याला डालडा आणि तूप सारखंच लागतं, त्याला काय सांगणार.

हा नाद लागला एका गाण्यामुळे. आम्ही लिंगायत, आईला अव्वा म्हणतो. तिचं माहेर उदगीरकडचं. लग्नाआधी ती एका भजनी बुवांच्या मागे गायची. त्या बुवांची महादेवाच्या गाण्याची एक तबकडी हैदराबादेत निघाली. पहिली दोन कडवी बुवांची आणि तिसरं एकट्या अव्वाचं. ती आपल्या भागात इतकी गाजली, की जत्रेत, लग्नात भोंग्यावर तीच. मग अव्वा लग्न होऊन लातूरला आली, आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिने सोबत आणलेली तबकडी अंगणात आपटून फोडली. पुढे कॅसेट निघाली तेव्हा तिसरं कडवं मुंबईच्या कुणा बाईकडून गाऊन घेतलं. मला सापडलेल्या प्रत्येक सीडीवर तीच बाई होती.

हे सगळं अव्वानेच मला सांगितलं, तेही अप्पा गेल्यावर. माझा धाकटा भाऊ बसवराज – बसू – तो मानायलाच तयार नव्हता. "अव्वा घरात कधी गुणगुणली तरी का, अक्का? म्हातारपणी काहीबाही बोलून राहिली ती." आणि गुणगुणताना तिला मीही कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला थोपटून निजवायची तेसुद्धा गप्प राहून.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. त्याच्या थोडं आधी ती मला म्हणाली होती, "माझा आवाज एकदा ऐकायचा हाय गं. कसा होता ते बी आठवंना." मरायच्या आत तिला तो ऐकवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि तो सापडला कुठे, तर नांदेडातच. कुलकर्णी सर म्हणून एक रिटायर्ड चित्रकला शिक्षक आहेत. आमचं हाडवैर. सीडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी माझ्या संग्रहाला "किराणा सामान" म्हटलं होतं, आणि मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. हैदराबादच्या कुणा शौकिनाने पहिल्या तबकड्यांवरून एक संग्रह काढला होता, त्याची एक प्रत या माणसाकडे निघाली. नाक मुठीत धरून गेले.

"मी सीडी कुणाला देत नाही," सर दारातच म्हणाले. "आत या, बसा, ऐका आणि जा."

"मोबाइलवर घेऊ का रेकॉर्ड करून?"

"मग तुमच्यात आणि त्या कॅसेटवाल्यांत फरक काय राहिला?"

बसले. बुवांची दोन कडवी झाली, पेटी थांबली, नुसता टाळ राहिला... आणि एक पोरगी गायला लागली. मी अव्वाला गाताना कधी ऐकलं नव्हतं, तरी ओळखायला क्षण लागला नाही. गल्लीत खेळताना आम्हाला जेवायला हाक मारायची तो आवाज. मी त्या माणसासमोर रडले, याचा मला अजून राग आहे. सरांनी पंख्याकडे बघत विचारलं, "आई कुठे असतात?" लातूरला, अंथरुणाला खिळून, असं सांगितलं. त्यांनी सीडी काढून दिली. "उद्या संध्याकाळी परत. आणि तेलकट हात लावायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लातूर गाठलं. आमचं घर म्हणजे खाली बसूचं हार्डवेअरचं दुकान, वर राहायचं. चांगली सिमेंटची इमारत आहे, अप्पांनी बांधलेली. भुताटकीला शोभेल असं तिथे काही नाही. भर दुपार, उन्हाळा, कूलर चालू. अव्वाला उशांना टेकवून बसवलं, टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडी घातली. बसू दारात हाताची घडी घालून उभा होता.

दोन कडवी बरोबर झाली. पेटी थांबली. मग कुणीतरी पुरुष खाकरला – मोठ्याने, घसा साफ केल्यासारखा – आणि पुढे मुंबईवाली बाई. टाळ नाही, मागे तो कॅसेटवाला ऑर्गन. त्या बाईचं कडवं माझ्या कितीतरी सीडींवर आहे तेच, काडीचा फरक नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"झालं समाधान?" बसू म्हणाला. "आता तिला झोपू दे."

अव्वाने तोंड भिंतीकडे केलं होतं. मला इतकी लाज वाटली की विचारू नका. सरांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. रीमेकची सीडी हातात कोंबली, आजारी बाईची थट्टा केली, सगळं.

"ताई, जिभेला हाड असू द्या," सर म्हणाले. "माझ्या घरात रीमेक शिरत नाही. पत्ता सांगा. मी येतो."

आता बघा, कुणी शहाणा माणूस एवढ्यासाठी नांदेडहून लातूरला येईल? दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. एका हातात प्लेअर, दुसऱ्या हातात पिशवीत भरलेले दोन स्पीकर, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही. सीडी हातात घेऊन उजेडात धरली. "हीच माझी. कडेला हा ओरखडा आहे." स्वतःच्या मशीनमध्ये घातली.

दोन कडवी. पेटी थांबली. खाकरा. आणि ती बाई.

सरांनी गाणं बंद केलं. मागे नेऊन परत लावलं. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता कबूल करतील. पण ते म्हणाले, "हा खाकरा कुठून आला? तबकडीवरून सीडी करताना आवाज वायरने आत जातो. माइक नसतो, खोलीतलं काही येऊच शकत नाही. आणि माझ्याकडे हा खाकरा नव्हता. तुम्हीही ऐकलंय माझ्याकडे. होता?"

नव्हता. आदल्या दिवशी मी रागात होते, म्हणून माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात माझं लक्ष बसूकडे गेलं. तो पांढराफटक पडला होता. मग मलाही कळलं. अप्पा दुकानातून जिना चढून वर यायचे तेव्हा दाराशी असेच खाकरायचे. ते ऐकलं की घरातलं बोलणं बंद. रेडिओ बंद. अव्वा पदर ओढून स्वयंपाकघरात. आणि बसू, खेळत असला तरी, ताडकन उभा. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली.

"बंद करा ते," बसू म्हणाला. "अक्का, कशाला उकरून काढलीस? तिनं शपथ घेतली होती ना."

"कसली शपथ?"

तो जिन्याकडे वळला. मी त्याची बाही धरली. लहानपणी धरायचे तशीच, सोडली नाही.

"अप्पानं तिच्या हातावर लिंग ठेवून बोलून घेतलं होतं," तो शेवटी म्हणाला. "ह्या घरात तिचा गाण्याचा आवाज निघायचा न्हाई. ती जिती हाय तोवर. मला अप्पानंच सांगितलं होतं, शेवटी शेवटी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, पूजेला ते डाव्या तळहातावर घेतात. ते हातावर घेऊन बोललेलं आमची माणसं मोडत नाहीत. माझी आई आयुष्यभर का गप्प होती ते मला त्या दिवशी कळलं. आणि जो भाऊ ती कधी गायलीच नाही म्हणून मला वेड्यात काढत होता, त्याला हे सगळं ठाऊक होतं. मी त्याला काय काय बोलले ते जाऊ द्या. अप्पांनाही बोलले, भिंतीवरच्या फोटोकडे बघून. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी दिल्या.

अव्वा माझ्याकडे बघत होती. तिने डावा हात वर केला, तळवा उघडा, आणि बोट खिडकीकडे केलं. "भाईर," ती म्हणाली.

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान आहे. मी आणि सरांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. बसू जिन्याच्या तोंडाशी आडवा झाला.

"लोक काय म्हणतील? रस्त्यावर तमाशा करून राहिलीस."

"सरक, न्हाई तर तुझ्या अंगावरून नेते."

सरकला. हात मात्र लावला नाही. सत्तरीचे कुलकर्णी सर आणि मी, तो जिना कसा उतरलो ते आमचं आम्हाला माहीत.

झेरॉक्सवाल्याने मशीनची पिन काढून सरांच्या प्लेअरची लावू दिली. तीच सीडी, तोच प्लेअर, तेच स्पीकर. दोन कडवी झाली. पेटी थांबली. टाळ वाजला. खाकरा नाही. आणि अव्वा गायला लागली... अठरा-एकोणीस वर्षांची अव्वा, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेली माणसं कार्ड हातात धरून तशीच उभी राहिली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मूळच आहे. सांगितलं होतं मी." तेवढ्यातही त्यांना ते बोलायचं सुचलं.

कडवं संपलं. मला वाटलं होतं अव्वा रडेल. तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"श्वास," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीला... चुकला."

मग बोट फिरवलं – परत लाव. त्या दुपारी ते किती वेळा वाजलं कुणास ठाऊक. बसू समोर आपल्या दुकानात खिळे तोलत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही.

अव्वा या पावसाळ्यात गेली. आमच्यात पुरतात. बसवून, हातावर तेच लिंग ठेवून तिला माती दिली. काही दिवसांनी कुलकर्णी सर भेटायला लातूरला आले. न मागता पिशवीतून सीडी काढून माझ्यापुढे ठेवली. "परत आणून द्यायची," म्हणाले.

घरात पाहुणे होते. मी कुणाला न विचारता टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये ती घातली. बसू म्हणाला, "अक्का, नको." मी ऐकलं नाही. तुम्ही म्हणाल मुद्दाम केलं. हो, मुद्दामच केलं.

यावर मी खूप डोकं चालवलं आहे. प्लेअर खराब म्हणावा, तर सरांचाही तिथे तसाच वागला. माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर सर आणि बसू दोघांनी ऐकलंय. प्लॅस्टिकच्या चकतीला शपथ कळते, हे मी मेले तरी म्हणणार नाही. मग काय होतं ते? मला माहीत नाही, आणि कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. आता पाहुण्यांसमोर सीडी लावली त्या दुपारचं तेवढं सांगायचं राहिलंय.

दोन कडवी झाली. पेटी थांबली. आणि खाकरा आला – तोच, दाराशी आल्यासारखा. पाहुण्यांतल्या एकाने तर दाराकडे बघितलं. बसू ताडकन उभा राहिला, पन्नाशीचा माणूस, लहानपणी राहायचा तसा.

पण टाळ सुरू झाला आणि त्या घरात अव्वा गायला लागली. दुसऱ्या ओळीला तिचा श्वास चुकला, तरी ती थांबली नाही. ती गातच होती, आणि जरा वेळाने बसू हळूच खाली बसला.