वॅलेन्सियात दोघांचा भात

विमानतळाच्या दारात आमच्या ह्यांचं पोट बिघडलं.

भिवंडीतल्या टेमघरहून निघताना ते ठणठणीत होते. आमचं टाइल्सचं दुकान. भरपूर माल खपवल्याबद्दल कंपनीने स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहराची दोन तिकिटं आणि आठवडाभराचं हॉटेल बक्षीस दिलं होतं. ती बातमी ह्यांनी स्वतः गाडी काढून खारबावपर्यंत पोचवली. निघताना हार झाले, नारळ झाला, दिरांनी फोटो काढले. आणि आता, ज्यांच्या एका हाकेवर वडप्याच्या गोदामात ट्रक मागे सरकतात ते मोरेश्वर ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून म्हणत होते की पोटात कळ येतेय. मी ओवा दिला. तो चघळून झाल्यावर मान खाली घालून त्यांनी खरं सांगितलं.

"मी न्हाय बसनार त्याच्यात. चल, घरी जाऊ."

गोदामात निघालेला साप हा माणूस शेपटीला धरून बाहेर नेतो. विमानाची भीती वाटते हे इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच कळत होतं. घरी सांगू, विमानच रद्द झालं, असं त्यांनी सुचवलं. मी माझा पासपोर्ट मागितला.

"एकली काय करशील तिकडं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण घरी जाऊन हार घालणाऱ्या सगळ्यांना चहा करून देण्यापेक्षा ते स्पेनमध्ये शोधणं बरं, असं वाटलं. मी आत गेले. मागे वळून पाहिलं नाही, कारण ट्रॉली वळत नव्हती.

विमानात शेजारची खुर्ची रिकामी होती, म्हणून तिच्यावर पाय घेऊन झोपले. अर्धं आयुष्य ह्यांचं घोरणं ऐकलेल्या बाईला विमानाचं इंजिन म्हणजे अंगाईच.

हॉटेल जुन्या वस्तीत होतं. काउंटरवर आंपारो नावाच्या बाई बसायच्या, वयाने माझ्या मोठ्या नणंदेएवढ्या, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. खोली दोघांच्या नावाने होती, त्यामुळे त्यांनी विचारलं, सेन्योर (साहेब, म्हणजे नवरा) कुठे आहेत? विमानात बसले नाहीत हे सांगायला मी बोट वर केलं, हाताने विमान उडवून दाखवलं आणि "नो" म्हणून मान हलवली. आंपारोबाईंनी छातीवर क्रूस काढला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गल्लीवरची खोली बदलून मला अंगणाकडची मोठी खोली दिली. उशाशी फुलं ठेवली. स्पॅनिश पाहुणचार फार चांगला, असं समजून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी लोकुतोरियो (आपलं एसटीडी-पीसीओ) शोधलं. माझा मोबाइल तिकडे नुसतं घड्याळ झाला होता. दुकान पाकिस्तानातल्या गुजरात नावाच्या शहराचे एक गृहस्थ चालवत. माझं हिंदी ऐकून त्यांनी विचारलं, "बाजी, ये कहाँ की उर्दू है?" मी म्हटलं, भिवंडीची, कापडाबरोबर विणली जाते. त्यांनी चहा मागवला. त्या शहरात मला पोटभर बोलता येईल असा हा एकच माणूस होता आणि त्याच्याशीही मी रोज चहापुरतंच बोलायचे.

ह्यांना फोन लावला. आवाज दबका. घरी जायची लाज वाटली म्हणून ते विमानतळावरून थेट वडप्याला आमच्या गोदामात गेले होते आणि वॉचमनच्या खाटेवर मुक्काम ठोकून होते. जेवण हायवेवरच्या ढाब्यावरून यायचं. दुपारी धाकटे दीर माल न्यायला आले, तेव्हा ते बाथरूम टाइल्सच्या खोक्यांमागे उभे राहिले होते. म्हणजे भिवंडीच्या लेखी आम्ही दोघं स्पेनला होतो, आणि प्रत्यक्षात एक स्पेनला, एक खोक्यांमागे. मी इतकी हसले की बूथची काच वाजवून दुकानदाराने खैरियत विचारली. ह्यांनी हॉटेलचा नंबर मागून घेतला आणि बजावलं की रोज काय बघते ते सांग, पुढे सगळ्यांना सांगावं लागेल.

मग मी बघायला लागले. वॅलेन्सियाला नदी होती, ती पूर आणायची, म्हणून तिकडच्या लोकांनी ती उचलून गावाबाहेर नेली आणि रिकाम्या पात्रात बाग केली. संत्र्याची झाडं, जुने पूल, पुलाखालून सायकली. आमची कामवारी नदी आम्ही जागेवरून न हलवताच बिनपाण्याची केली, पण बाग करायचं राहून गेलं. त्या पात्रात पाण्याऐवजी आपण चालत जायचं, हा माझा रोजचा सकाळचा उद्योग झाला.

दुपारी सगळं गाव झोपतं. दुकानांची शटर खाली, रस्त्यावर फक्त मांजरं आणि मी. आमच्याकडे लूमची खडखड थांबली तर माणसं दचकून उठतात, लाइट गेली का विचारतात. इथे शांतता होती आणि कोणाची तक्रार नव्हती. मी चौकातल्या बाकावर बसायचे. काही करायचे नाही. भिवंडीत बाई नुसती बाकावर बसली तर पाच माणसं विचारून जातात, कोणाची वाट बघताय. इथे कोणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मला तो अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी मी चपला काढून मांडी घालून बसले.

खाण्याची गंमत वेगळीच. मोठ्या मंडईत मासे बघत हिंडले. कोळंबी, माकूल, जिवंत वाम. भाव विचारला आणि सवयीने निम्म्याला मागितलं. कोळणीने माझ्याकडे जे पाहिलं, त्याला भाषांतर लागत नाही. पण गावाची खरी शान पाएया (उथळ पसरट लोखंडी कढईतला भात). मी एका खानावळीत ती मागितली, तर वेटर म्हणाला, एका माणसाला मिळत नाही, कमीत कमी दोघं हवीत. माझ्या समोरची खुर्ची त्याने बोटाने दाखवली. म्हणजे एकट्या बाईने या गावात भात खायचा नाही. आता मी भात पिकवणाऱ्यांच्या घरातली. मी म्हटलं, दोघांचा आण.

आणला. सशाचं मटण, घेवड्याचे मोठे दाणे, आणि शिंगं बाहेर काढलेल्या गोगलगायी. गोगलगायी मी ह्यांच्या बाजूला सारल्या. बाकीचं माझ्या बाजूने खात खात मध्यापर्यंत आले, तिथे थोडी थांबले, आणि मग ह्यांच्या बाजूलाही शिरले. तळाला सोकारात (खरवड) लागली होती. आमच्या घरात ती बायकांच्या वाट्याला येते, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, टोपात पाणी घालायच्या आधी. इथे शेजारच्या टेबलावर टाय घातलेले पुरुष तिच्यासाठी चमच्यांनी मारामारी करत होते. मी माझी सगळी खरवड एकटीने, सावकाश, खरवडून खाल्ली. शेवटी गोगलगायीही खाल्ल्या. आमच्या खाडीतल्या कालवांची सर नाही.

त्या संध्याकाळी हॉटेलवर परतले तर आंपारोबाई पांढऱ्याफटक. रिसीव्हर त्यांनी अंगापासून लांब धरला होता. सेन्योरचा फोन आहे, असं त्या कुजबुजत म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात फुलांचा आणि मोठ्या खोलीचा उजेड पडला. मी ह्यांच्याशी बोलले, भात खाल्ल्याचं सांगितलं, आणि फोन ठेवून आंपारोबाईंना नीट समजावलं की साहेब जिवंत आहेत, फक्त घाबरट आहेत. त्या काउंटरवर डोकं टेकून हसल्या. खोली काढून घेतली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून फुलं बंद झाली.

शेवटच्या संध्याकाळी बसने आल्बुफेराला गेले. गावाबाहेरचा मोठा उथळ तलाव, भोवती भातशेतं. बांध, चिखल, बगळे, उन्हात वाळणारी जाळी. इतक्या लांब येऊन हे काय बघायचं, असं आधी वाटलं. मग नावेत बसले. नावाड्याने मध्यावर इंजिन बंद केलं. सूर्य पाण्यावर टेकला आणि पाणी गुळाच्या पाकासारखं झालं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, बघा ना."

बाजूला एक जर्मन आजोबा होते. त्यांनी आज्ञाधारकपणे बघितलं.

आठवडाभरात तेवढ्या एका वेळेला माझ्या शेजारी हे हवे होते. खूप हवे होते. डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि किनाऱ्यावर उतरून वामेचा झणझणीत लसणी रस्सा खाल्ला. तो एकाला मिळतो.

परतले तेव्हा हे मुंबईच्या विमानतळावर स्वतःची सूटकेस घेऊन उभे होते. दाढी वाढलेली, अंगाला ढाब्याचा वास. मला पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मीच साप धरून आणला. गाडीत त्यांनी सगळं पाठ केलं, नदी, भात, तलाव. मी म्हटलं, तुम्हाला सांगायचं ते सांगा, मी मध्ये बोलणार नाही. खोटं बोलणार नाही आणि तुम्हाला तोंडघशी पाडणारही नाही.

घरी सगळे जमले होते. ह्यांनी नदीचं सुरेख सांगितलं, माझ्यापेक्षा बरं. भातावर आले. जाऊबाई तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. एवढ्यात सासूबाईंनी विचारलं की इमान वर उडताना पोटात कसा व्हतं रे.

साधा प्रश्न. हे काहीही सांगू शकले असते, तपासायला तिथे कोण गेलं होतं? त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी गेलोच न्हाय, आई. माजी हिंमत न्हाय झाली. ही एकलीच गेली."

दीर हसायला लागले ते थांबेचनात. गोदामातल्या खोक्यांचं कळल्यावर तर जमिनीवर बसले. पुढे वर्षभर हे भिवंडीत जिथे जातील तिथे लोक त्यांना स्पॅनिशमध्ये रामराम कसा म्हणतात ते विचारत. त्यांनी ते निमूट सोसलं. खोटं टिकवण्यापेक्षा ते सोपं गेलं, असं मला एकदा म्हणाले.

पण त्या दिवशी हसणं ओसरलं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. एकटी? आठवडाभर? जाऊबाईंनी हे अशा आवाजात विचारलं, जणू मी पतपेढी फोडून आले होते. बाकावर बसले, दोघांचा भात खाल्ला, हे कोणाला सांगण्यासारखं वाटेना.

सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. खाडीकाठच्या भरल्या घरात वाढल्या, त्याहून भरल्या घरात नांदल्या. शेतात जातानाही त्यांच्या पुढे-मागे कोणीतरी असायचं. आताच्या बंगल्यातही त्यांच्या खोलीत दोन नाती झोपतात. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मंग इतकं दिस कोनाशी बोलत व्हतीस?"

मी म्हटलं, "कोणाशीच नाही, फारसं."

त्या पदर सारखा करत, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"बरा वाटला आसंल."