बाहेरचे पाय

तंजावूर जिल्ह्यात माणसाच्या तोंडाआधी त्याचे पाय पाहणारे गृहस्थ एकच, आणि ते माझे मामा. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर कालव्याकाठी त्यांची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड होती आणि तिला लागूनच घर. मी गेलो की ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी ते माझ्या चपलांकडे बघत. “कुठं कुठं तुडवून आलास रे?” शेडच्या दारात जंतुनाशकाचं घमेलं असे. त्यात पाय बुडवून, त्यांनी दिलेले रबरी बूट चढवल्याशिवाय आत प्रवेश नाही. एकदा कुणी पुढारी मतं मागायला आला, तर मामांनी त्याला पांढऱ्याशुभ्र वेष्टीसकट, म्हणजे लुंगीसारख्या नेसलेल्या धोतरासकट, घमेल्यात उभं केलं आणि मग शांतपणे सांगितलं, “आत नाही आलात तरी चालेल. कोंबड्यांना मत नसतं.” शेडमध्ये अंथरलेलं भाताचं तूस ते रोज मुठीत दाबून बघत, गोळा झाला, की ओल आहे, म्हणजे रोगाला आमंत्रण. ही सवय इतकी जडली होती, की ताटातला भातही ते आधी दाबून बघत आणि मामी कपाळाला हात लावत, “अहो, ते तूस नव्हे!”

पण त्यांची खरी धास्ती होती ती दुसऱ्यांच्या घरच्या कोंबड्यांची. मामींची धाकटी बहीण पापनाशमला राहते. तिच्या परसात गावठी कोंबड्या मोकळ्या हिंडतात. ती आली, की मामा तिला फाटकातच चपला काढायला लावत, पाय धुवायला लावत, आणि शेडच्या बाजूला फिरकूसुद्धा देत नसत. “भावोजी, मी माणूस आहे, कोंबडी नव्हे!” ती हसत म्हणायची. “तुझं ठीक आहे,” मामा म्हणत, “तुझ्या टाचांची खात्री नाही.”

गेल्या वर्षी मामी गेल्या. सकाळी दारात कोलमची रांगोळी घालताना कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. घर माणसांनी भरलं, तसे मामा उठून शेडमध्ये गेले आणि कोंबड्यांमध्ये तुसावर बसून राहिले. त्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक. कुणी आत जाईना. मी दारात उभा होतो. एवढ्यात पापनाशमहून ती आली. निरोप मिळाला तशी परसातूनच निघालेली, चपलांना चिखल आणि विष्ठा तशीच. घमेलं तिला दिसलंच नाही. “भावोजी, अक्का गेली हो!” म्हणत ती आत धावली आणि त्यांच्यासमोर कोसळली. मामांची नजर तिच्या पायांवर गेली, ती मी पाहिली. मग ते जरा बाजूला सरकले आणि त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.

सुतक फिटायच्या आत पक्षी पिसं फुलवून पेंगू लागले. हगवण लागली, मग मरू लागले. जनावरांचे डॉक्टर आले, दोन-चार पक्षी कापून बघितले, जंतुसंसर्ग म्हणाले, औषधं दिली. पण बहुतेक बॅच गेलीच. “बाहेरचं कुणी आत आलं होतं? घरी कोंबड्या असणारं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही,” मामा म्हणाले. “पाण्याची भांडी गळत होती. तूस ओलं राहिलं. माझं लक्ष नव्हतं.”

तेही खोटं नव्हतं. नेमकं कशानं झालं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ते गेल्यावर मामा मला म्हणाले, “तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. बहिणीच्या घरी पाऊल टाकायची नाही ती पुन्हा.”

मामांनी नवी पिल्लं आणली नाहीत. शेड धुऊन रिकामी ठेवली आहे. मामींची बहीण अधूनमधून बसनं येते, दोन दिवस राहून रांधून घालते. मागच्या खेपेला मी आणि मामा ओट्यावर बोलत बसलो होतो. आतून तिनं हाक मारली, “पानं घेतलीत, या!” मामा बोलता बोलता थांबले.

“आवाज अगदी हिचा आहे, नाही?” ते हळूच म्हणाले.

मी उठायला लागलो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. ओ दिली नाही. ती पुन्हा एकदा हाक मारील, म्हणून आम्ही दोघं गप्प बसून राहिलो.